मडीच्या बादलीत गेलेली पांढरी साडी

...कळतं हो मला, पांढरं कुठलं नि लाल कुठलं! महिना झाला, आमच्या ह्यांचं येता-जाता एकच, "गोदा, चष्म्याचा नंबर बदलला का गं?" अहो, डोळ्यांचा काय संबंध? डोळे शाबूत आहेत माझे. गेली ती अक्कल, आणि तीही चांगल्यासाठी गेली. चांगल्यासाठीच केलं हो मी!

तुम्हाला पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्ही तरी... आमची सून अंबुजा. गुणाची पोर. सहा वर्षं कॉलेजात शिकवतेय, पण दर जूनला नवी चिठ्ठी, 'यंदा या, पुढचं पुढं बघू.' कायम म्हणून करतच नाहीत. तिनंच आणलं ते कपडे धुवायचं मशीन, माझे गुडघे धरतात म्हणून. न्हाणीत तीन बादल्या मांडल्या आणि बालवाडीतल्या पोराला शिकवावं तसं मला शिकवलं, "अत्ते, इल्लि नोडी, इकडं बघा. ही पांढऱ्यांची, ही रंगीतांची, ही रंग जाणाऱ्यांची. खिसे उलटे करायचे, कॉलर घासून घ्यायची, आणि एकीतलं दुसरीत टाकायचं नाही. मुगितु, संपलं!" मी म्हटलं, बरं. बरं म्हणायला काय जातं?

पण मला सांगा, चाळीस वर्षं जिनं कपड्यांच्या दोनच तऱ्हा ओळखल्या, एक मडीचे, म्हणजे देवापाशी चालणारे सोवळ्यातले, आणि दुसरे उरलेल्या सगळ्या जगाचे, तिला रंगाचं काय हो? मडीच्या दांडीवर निळं नि पिवळं शेजारी शेजारी वाळतं, कधी भांडलंय? आणि ह्यांचा बनियन, केवळ पांढरा आहे म्हणून, देवाच्या आसनाला खेटून फिरणार? अय्यो रामा! तो बनियन घालून हे मार्केटात जातात, बसला लोंबकळतात, मटकन कुठंही बसतात!

म्हणून अंबुजा कॉलेजला गेली, की मी आपली निवड करायची. एका बादलीत मडीचं, दुसरीत बाकीचं, तिसरी पालथी. मशीनला आधी कुंकवाचं बोट, आत तुळशीचं पाणी, मग देवाचे कपडे. हे पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "पहिला घाणा देवाचा वाटतं?" म्हणा! चार महिने काही बिघडलं का? चांगल्यासाठीच करत होते ना मी?

मग आलं कायमच्या जागेच्या मुलाखतीचं पत्र. सोमवारची तारीख. आता मी काय सोळा शुक्रवार उगाच केले होते? आंबट बंद! मैसूरात राहून चिंचेशिवाय जेवायचं, करून बघा एकदा! नारळाला लाल वस्त्र गुंडाळून पूजा, सोळा वेळा तेच वस्त्र, तेच कुंकू, तेच गाऱ्हाणं, 'आई, पोरीला कायम कर.'

रविवारी सकाळी अंबुजानं कपाटातून पांढरी सुती साडी काढली. तिच्या आईची. त्या बाई बेट्टदपुरला हेडमिस्ट्रेस होत्या. तीन वर्षं झाली जाऊन. पोर म्हणाली, "अत्ते, तपासणीचे साहेब आले की आई हीच साडी नेसायची. कधी घाबरली नाही. उद्या मी हीच नेसणार." डांबरगोळ्यांचा वास येत होता, म्हणून पांढऱ्यांच्या बादलीत ठेवली, आणि बाहेर जाता-जाता बजावलं, "ही एकटीच घाला हं!"

एकटी? मला वाटलं, एकटी का म्हणून? सोळा शुक्रवारांचं पुण्य ज्या वस्त्रात मुरलंय, ते मडीच्या बादलीत धुवायला पडलंय. त्याच्याबरोबर अर्धा तास फिरली, तर थोडं हिलाही लागेल की! घातली. वर हात जोडले.

लागलं हो! पुण्याचं देव जाणे, बाकी सगळं लागलं. झाकण उघडलं तर आत बीटरूटचं सारु! सगळीच गुलाबी झाली असती तर निदान नवी म्हणून खपली असती. पण नाही, निऱ्या पांढऱ्या, मध्ये ढग, आणि पदरावर जसा काही कुणी लाल पंजा मारलेला. शेजारची कृष्णवेणी धावत आली, "लिंबू चोळा, मीठ चोळा, उन्हात टाका!" लिंबू संपलं, मीठ संपलं, ऊन उतरलं, डाग बसलेला.

अंबुजा आली. मी म्हटलं, "चांगल्यासाठीच केलं गं मी..." ओरडली असती तर बरं झालं असतं! पदर हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "वास मात्र छान गेला, अत्ते." मग न्हाणीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. भांडी नव्हती की कपडे नव्हते, नळ आपला चालू.

दुसऱ्या दिवशी निळी साडी नेसून गेली. पंधरा दिवसांनी कळलं, जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. मी तिच्यापुढं जाऊन बसले. म्हटलं, "माझ्यामुळं झालं. ती साडी असती तर तू घाबरली नसतीस." तर तिनंच माझा हात धरला, "छे हो अत्ते! मला खुर्चीवर नीट बसूही दिलं नाही. दोन प्रश्न विचारले, एकानं घड्याळ बघितलं, फाइल मिटली. आधीच ठरलेलं होतं त्यांचं. साडीचा काय दोष?"

माझं समाधान करायला बोलली हो पोर. पण झालं का समाधान? साडीचा दोष असता, तर तो माझा दोष होता, आणि माझ्या दोषाला उपाय आहे! उपास आहे, प्रदक्षिणा आहे, नाक घासायला देव्हारा आहे. व्रतांची पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली मी. पोर होत नाही, त्याला व्रत आहे. नवरा परतत नाही, त्याला आहे. हरवलेली गाय सापडावी म्हणूनसुद्धा आहे! 'आधीच ठरलेलं होतं' ह्यावर एक ओळ नाही.

शेवटी पोथी मिटली, आणि पुन्हा सोळा शुक्रवारच धरले. दुसरं येतंय काय मला?