एकाच थर्मासचं पाणी

(असुन्सिओनच्या बसअड्ड्याबाहेर, सकाळचे आठ. सेरापिया उखळात औषधी पाला कुटते आहे. बसड्रायव्हर रुफिनो समोर उभा आहे.)

रुफिनो : तेच विचारतोय मावशी. या वेळच्या पुडीत काय घातलंत?

सेरापिया : जे दोन महिने घालतेय तेच. पेरूची कोवळी पानं, थोडा पुदिना. बस त्या खोक्यावर. उभ्याउभ्या भांडायला आलेल्याला मी उत्तर देत नाही.

रुफिनो : बसायला वेळ नाही.

सेरापिया : मग पी तरी. घे हा शिंगाचा पेला, पाल्याचं तेरेरे गारेगार आहे.

रुफिनो : आधी तुम्ही प्या.

सेरापिया : अस्सं. तीस वर्षं इथे पाला कुटतेय, माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. पहिलं पाणी संत तोमासाला दिलंय बाबा, रीतीप्रमाणे. तोही तुझ्यातलाच. जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय त्याचा देवावरसुद्धा विश्वास बसला नव्हता.

रुफिनो : थट्टा नको. माझी गाडी जाईल हो. नऊ दिवसांत पाच वेळा पिलार गावची बस रस्त्यात थांबवली मी. बेचाळीस माणसं आत ताटकळतायत आणि ड्रायव्हर झुडपामागे. परवा एका बाईनं फोटो काढला. आता एकदा जरी थांबलो, तरी साहेब मला उठवून फाटकावर बसवणार. पावत्या फाडायला.

सेरापिया : आणि त्याआधीचा दीड महिना?

रुफिनो : एकदम झकास. पाच वर्षांत पहिल्यांदा मी पिलारपर्यंत एका दमात गेलो. म्हणून तर म्हणतोय, मध्येच काय झालं?

सेरापिया : डॉक्टरकडे गेलास?

रुफिनो : तोच तोच पाढा. रिपोर्ट स्वच्छ, जंत नाहीत, गाठ नाही. इरिटेबल बाउल म्हणे. आतडं हळवं आहे, काळजी केली की बिघडतं. वेळेवर जेवा, तळलेलं टाळा, शांत राहा. शांत राहा म्हणायला त्याचं काय जातं.

सेरापिया : बरोबर सांगतोय तो. तुझा एकंदर अवतार बघता आत काय चाललं असेल ते दिसतंयच.

रुफिनो : हा दोरा ओळखता?

सेरापिया : हिरवा. माझाच. माझ्या सगळ्या पुड्यांना असतो.

रुफिनो : हा माझ्या पुडीचा नाही. अनिबालच्या खिशातून पडला. माझा जोडीदार, दुसरा ड्रायव्हर. सात वर्षं माझ्या शेजारी बसतोय, स्टिअरिंगची वाट बघत. परवा आमच्या थर्मासात पाठ फिरवून पुडी रिकामी करताना मी त्याला बघितलं. आता बोला. काय विकलंत त्याला?

सेरापिया : गिऱ्हाइकाचं दुखणं मी दुसऱ्याला सांगत नसते.

रुफिनो : म्हणजे तुम्हीही सामील.

सेरापिया : जीभ आवर. त्यानं स्वतःसाठी काही नेलंच नाही. सासूचं पोट साफ होत नाही म्हणाला, दहा दिवसांपूर्वी सोनामुखी नेली. तीन दिवसांपूर्वी परत आला, दुप्पट द्या म्हणाला.

रुफिनो : त्याची सासू जाऊन दोन वर्षं झाली मावशी. मी खांदा दिलाय.

सेरापिया : तरीच. विचारताना कानापर्यंत लाल झाला होता.

रुफिनो : बघा. जुलाबाचा पाला. माझ्या पाण्यात. आणि लोक म्हणतात रुफिनो संशयी आहे.

सेरापिया : थांब. ते पाणी तू एकटाच पितोस?

रुफिनो : एकटा कसा? थर्मास एक, शिंग एक, नळी एक. तो शिंग भरतो, एकदा मी, एकदा तो. सगळे पितात तसंच.

सेरापिया : म्हणजे तोही तितकंच पितो. तुला घालवायला स्वतःला जुलाब लावून घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आणि तुझी पेरूची पानं? ती कशात घालतोस?

रुफिनो : थर्मासातच. घरून भरून आणतो.

सेरापिया : त्याला सांगितलंस?

रुफिनो : काय सांगू? लाज वाटते हो. ड्रायव्हर माणूस, पोट धरून बसतो म्हणून सगळा अड्डा हसेल.

सेरापिया : मग ऐक. तुझं पोट सैल, म्हणून मी आवळणारा पाला दिला. त्याचं पोट चांगलं होतं. दीड महिना तोच पाला त्याच्याही पोटात गेला, आणि बिचाऱ्याला कायमचा ब्रेक लागला. तोही लाजला, सासूला जिवंत केलंन्, आणि सोनामुखी त्याच थर्मासात घातली. दोघं मिळून एका थर्मासात रस्सीखेच करताय. सुरुवात कुणी केली?

रुफिनो : मीच की.

सेरापिया : चोराच्या उलट्या बोंबा.

रुफिनो : मावशी, मी काल अर्ज दिला.

सेरापिया : कसला?

रुफिनो : साहेबाकडे. अनिबाल माझ्या पिण्यात काहीतरी घालतो म्हणून. सही करून. आज नऊला त्याला बोलावलंय.

सेरापिया : अरे देवा. जा, परत घे तो कागद. जा ना, खांबासारखा उभा काय राहिलास? हे बघ, आलाच तो.

अनिबाल : मावशी, ती मागच्यासारखी पुडी... अरे, रुफिनो. तू इथे? मी सहज आलो होतो. घरी जरा...

सेरापिया : सासूबाईंची तब्येत कशी आहे?

अनिबाल : कळलं वाटतं. हसू नका आता. काय सांगू, दीड महिना सगळं ठप्प. बायको म्हणते ते चीजचे पाव, चिपा, कमी खा. चिपा मी जन्मभर खातोय, तेव्हा काही झालं नाही. थर्मासात घालायला लागलो तर आत्ता कुठे जरा बरं. रुफिनो, तुला सांगणार होतो रे, पण तू अलीकडे बोलतच नाहीस. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस.

सेरापिया : आजपासून औषध ज्याचं त्यानं आपल्या घरी, आपल्या कपात. थर्मासात फक्त पुदिना. कळलं दोघांना?

अनिबाल : म्हणजे? यालाही काही औषध चालू आहे?

रुफिनो : सांगतो. सगळं सांगतो.

अनिबाल : सावकाश सांग. मला नऊला साहेबानं बोलावलंय, त्या फोटोचंच असणार. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी सांगतो, टायर तापला होता, मीच थांबवायला लावलं. पाचही वेळा प्रवाशांना तेच सांगितलंय मी. एक म्हातारी तर उतरून माझ्याबरोबर टायर बघत बसली.

सेरापिया : शिंग भरलंय, रुफिनो. आता तरी पितोस, की अजून मीच पिऊ आधी?

रुफिनो : त्याला द्या. अनिबाल, तू बस इथे, निवांत पी. साहेबाकडे आधी मी जाऊन येतो.