ओंकारची आई बी विंगला गेली

अरे, आमच्या नाहूरच्या सोसायटीतल्या कॅरमचं सांगितलं का तुम्हाला? ए विंग विरुद्ध बी विंग. नावनोंदणीचं ॲप आमच्या ए विंगच्या ओंकारने बनवलेलं.

मी विचारलं, "ॲप बरोबर चालतंय का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्यास का रे?"

"सगळ्या पास! विंग आणि फ्लॅट नंबर, दोन्ही मिळून माणूस ओळखायचा. ए-१०१, ए-२०४, ए-३०२, सगळे टाकून बघितले."

"आणि बी विंग?"

"बी विंगला कोण विचारतं यार!"

वाट लागली. कोडमध्ये तो विंग तपासायलाच विसरला होता, फक्त फ्लॅट नंबर बघत होता. ए-३०२ म्हणजे त्याची आई, आमची हुकमी प्लेयर. बी-३०२ च्या सावंतकाकांनी नाव नोंदवलं आणि ॲपने दोघांना एकच माणूस करून टाकलं. नाव आईचं, विंग काकांची.

ओंकार कमिटीच्या हातापाया पडला. कमिटी म्हणाली, "ॲप सांगेल तेच फायनल. तूच मीटिंगमध्ये बोललास ना?"

फायनलला काकूंनी, म्हणजे ओंकारच्या आईने, बी विंगकडून खेळून आम्हाला धुतलं. सावंतकाका ॲपमध्ये अस्तित्वातच नव्हते, पण टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच. कप बी विंगला.

घरी ओंकार म्हणाला, "आई, सॉरी. आता बी विंगची पण टेस्ट लिहिलीय. ती पास झाली की तू परत ए विंगमध्ये."

काकू शांतपणे म्हणाल्या, "बी विंगवाल्यांनी मला खुर्चीत बसवून नाचवलं. तुमच्या विंगने कधी पाणी तरी विचारलं? ती टेस्ट नापास कर."