खांब होता, दिवा नव्हता

एक होती कुल्पाश, एक होता तिचा म्हातारा एसिरकेप, एक होती त्यांची लेक बालझान, आणि दारासमोर एक होता दिव्याचा खांब... पण दिवा होता का? नव्हता! खांबाखाली खड्डा, आणि मागच्या हिवाळ्यात त्याच खड्ड्यात पाय मोडून घेतलेला एसिरकेप! तुम्हाला सांगते, शहरातली माणसं म्हणतात, "गावात राहायला खर्च तो काय?" अहो, कोळसा महाग, पीठ महाग, बस बंद, दवाखान्यात जायचं तर शेजाऱ्याच्या गाडीत पेट्रोल घाला, आणि घराचा कर, जमिनीचा कर, वर दिव्याचा कर! कुल्पाश म्हणाली, "दिवा लागेल त्या दिवशी भरीन. अंधाराचे पैसे मी देणार नाही!"

बोलली खरी. पण कचेरीने सांगून टाकलं, कर थकवणाऱ्याची मेंढरं यंदा कुरणावर सोडायची नाहीत. आता मेंढरं काय अंगणातला बर्फ खातील?

वसुलीला यायचा तुर्लिबेक. पोरगा गुणी, बिनलग्नाचा, काखेत पिशवी. आणि आपली रीत तर तुम्हाला ठाऊकच... दारी आलेल्यापुढे आधी चहा, आधी नान, त्याचं पोट भरेपर्यंत कामाचं बोलायचं नाही, आपणही नाही नि त्यानेही नाही. कुल्पाशने डाव टाकला, हा खातोय तोवर कर मागणार कसा, आणि मागितलाच नाही तर थकला कसा? आणि अंधार पडायच्या आत त्याला निघावंच लागणार, कारण रस्त्यावर दिवा होता का? नव्हता!

पहिल्यांदा आला, तिने परातभर कणकेचे फुगीर बाऊरसाक तळले. "आपा, मी जरा त्या..." "आधी खा रे बाळा, गार होतात!" दुसऱ्यांदा आला, तिने सणासाठी ठेवलेलं घोड्याचं मांस काढलं. पलंगावरून एसिरकेप ओरडतोय, "अगं, एवढ्यात तर दोन वर्षांचा कर फिटला असता!" "गप पड म्हाताऱ्या! अंधाराचे पैसे देणार नाही म्हटलं ना!"

चहा ओतायला बालझान. पाहुण्याचा पेला आपण अर्धाच भरतो, त्याने पुन्हा मागावा म्हणून. पण ही तुर्लिबेकच्या पेल्यात तळ झाकेल एवढाच ओतायची! पेला गेला, पेला आला, पेला गेला, पेला आला... कुल्पाशला वाटलं, लेक माझ्या डावात सामील आहे. वाटू दे बिचारीला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा कुरणं उघडायला आलेली. कुल्पाशने काय करावं? मेंढी कापली! कर चुकवायला मेंढी! आणि वाढताना विचार करतेय, सगळ्यात जास्त वेळ चघळावा लागेल असा तुकडा कुठला... आणि उचलून त्याच्या ताटात घातला छातीचा तुकडा. छातीचा! बायांनो, तो मान कुणाचा? जावयाचा!

एसिरकेपचा घास तोंडात तसाच, बालझानचा चहा चादरीवर. तुर्लिबेकने ताटाकडे पाहिलं, बालझानकडे पाहिलं... आणि हाड चाटूनपुसून खाल्लं!

"आपा, कामाचं बोलायचं राहिलंच."

"बोल," कुल्पाश म्हणाली. म्हणेल काय दुसरं?

"आईला पाठवतो."

आली की त्याची आई, मागणीचे कानातले डूल घेऊन, संध्याकाळची... आणि दारातच गेली खड्ड्यात! डूल एकीकडे, बाई एकीकडे. "अरे मेल्या, गावभर दिव्याचा कर मागत हिंडतोस, मग दिवा कुठाय? तुझ्या सासऱ्याने मोडला, आता आईचाही पाय मोडतोस का?"

दुसऱ्या दिवशी तुर्लिबेक स्वतः शिडी लावून खांबावर चढला. खड्डा बुजवला, दिवा लावला. हातपाय धुऊन घरात आला, पोटभर जेवला, आणि बाहेर लख्ख उजेड, तेव्हा निघायची घाई कुठली? सावकाश हात पुसले, पिशवी उघडली.

"आपा, तो दिव्याचा कर..."

कुल्पाशने खिडकीतून पाहिलं. दिवा होता का? होता!

भरला. करते काय! मेंढरं कुरणावर गेली, शरदात लेक थाटात सासरी गेली, अख्ख्या गल्लीत उजेड आला. कर येतो वर्षातून एकदा, जावई येतो दर आठवड्याला, छातीचा तुकडा खातो... आणि तुम्हाला सांगते, आता अंधार पडला तरी उठत नाही!