भैरोबाच्या पाठीमागचा दिवा

मंडळी, या, पुढं सरका! देव चावत नाही, मी तर नाहीच नाही. सखारामबुवा, तुमचा मृदंग लागला का? लागला. बरं, तेवढं एक काम करा — त्या आवाजाच्या पेटीवरचा तांबडा दिवा सारखा माझ्या डोळ्यांत लुकलुकतोय. घाला त्याच्यावर झेंडूचा हार! हां... आता कसं गोजिरं दिसतंय!

तर मंडळी, ऐका. सवाल एकच आहे. तुमचं काहीतरी बिघडलंय, आणि कुणीतरी ते तुम्हाला सांगतंय. गोड बोलून नाही हां — उठता-बसता, डोळ्यांसमोर बोट नाचवून सांगतंय. हा सांगणारा तुमचा कोण? वैरी की सोयरा? ...काय म्हणता काकू? सून? अहो, मी नाव विचारलं नव्हतं!

उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल रंगनाथ.

कोण हा रंगनाथ? घाटमाथ्यावर पिंपळखोल नावाचं गाव. तिथं रंगनाथ घोलपाची वडापची गाडी. वडाप म्हणजे ठाऊक आहे ना? माणसं भरेपर्यंत जागची हलत नाही, आणि भरल्यावर कुणाच्या बापासाठी थांबत नाही, ती गाडी! आठ जणांची जागा, बसतात चौदा. रंगनाथ एका मांडीवर बसून चालवायचा, दुसरी मांडी उतारूच्या मालकीची.

माणूस भला. बायको देवाघरी गेली तेव्हा लेक रेवती नऊ वर्षांची. सख्खी बहीण सोनाअक्का, तीही एकटी, ती येऊन राहिली. दोघांनी मिळून पोरगी वाढवली. वेणी अक्कानं घातली, शाळेत रंगनाथानं सोडली. पुढं लग्न झालं, पोरगी घाटाखाली शिरसवाडीला नांदायला गेली. इथवर सगळं झ्याक!

आणि एके दिवशी गाडीत, चक्राच्या मागं, जिथं वेगाचा काटा असतो ना, तिथं एक दिवा लागला. पिवळा! छोटासा! आणि त्याचा आकार कसा? हुबेहूब नळाच्या तोटीसारखा. रंगनाथ म्हणाला, "नळ दाखवतीय, म्हंजी पाणी मागतीय!" ओतलं की दोन बादल्या पाणी रेडिएटरात! अर्धं रस्त्यावर गेलं. दिवा? जिथल्या तिथं.

मग गेला स्टँडावरच्या इस्माइल मिस्त्रीकडं. मिस्त्रीनं झाकण उघडलं, कान लावला.

"अण्णा, नळ नाही हा, इंजिन आहे. चार सिलिंडरांतला एक कुरकुर करतोय. पालखीला चार भोई असतात ना? एकानं खांदा ढिला सोडलाय. दोन दिवस गाडी ठेवा."

"दोन दिवस? आन् धंदा?"

"मग काय करू?"

रंगनाथ हळूच जवळ सरकला. "इस्माइलभाई... त्या दिव्याची वायर तोडता येती का?"

मिस्त्रीनं हात पुसले. म्हणाला, "अण्णा, वासरू हंबरतंय म्हणून त्याचं तोंड बांधू? गाय कुठाय ते बघा की!"

पटलं का रंगनाथाला? पटलं! पण पटणं निराळं आणि ऐकणं निराळं. आता तुम्हालाच बघा — तीन दिवस मी हेच सांगतोय, सगळ्यांना पटलंय!

जत्रेत मिळालेलं भैरोबाचं एक चित्र घरी पडलं होतं. गोल, पातळ, मागं चिकट. रंगनाथानं ते उचललं, डोळे मिटले, आणि चिकटवलं बरोब्बर त्या दिव्यावर. दिवा गुडुप! "देवा, तूच आता सांभाळ." म्हणजे बघा — मिस्त्रीचं काम कुणाला दिलं? भैरोबाला! आणि भैरोबाला विचारलं का? नाही!

पण मंडळी, चित्र होतं पातळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं. सोनाअक्का पुढच्या जागेवर. रंगनाथानं किल्ली फिरवली... आणि भैरोबाच्या मुखामागून सोनेरी उजेड फाकला! अक्का किंचाळली —

"रंग्या! देव उजळला रं! भैरोबा परसन्न झाला!"

आता इथं रंगनाथानं काय म्हणायला हवं होतं? "अक्का, तो दिवा आहे." चार शब्द! पण मागं बारा माणसं, बाराच्या बारा हात जोडून. आणि रंगनाथ म्हणाला... "हं."

एवढंच. "हं." माणसाची सगळी खोटी भाषणं या एका अक्षरातून निघतात, मंडळी!

झालं! पंचक्रोशीत बोभाटा! लोक दुसरी गाडी सोडून याच्या गाडीची वाट बघायला लागले. चक्रासमोर नारळ, उदबत्ती, धूर इतका की रंगनाथाला रस्ता दिसेना. एक आजोबा चढले, दर्शन घेतलं आणि उतरले — त्यांना जायचंच नव्हतं कुठं! सगळे भैरोबाला बघायचे. रंगनाथ मात्र बघायचा नाही. दोन महिने तो मान वाकडी करून गाडी चालवत होता. त्याला ठाऊक होतं. फक्त त्याला आणि भैरोबाला.

आणि मग रेवतीला नववा महिना लागला.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्यात न्यायची ती शेतीच्या धांदलीत राहून गेली, आठव्यात कुणी हलवत नाही. आता नववा लागला, आणि पोरगी फोनवर रोज एकच विचारी, "अण्णा, कधी येताय?" तिला आपल्या जुन्या खोलीत निजायचं होतं. आईच्या गोधडीवर. बाकी काही मागणं नव्हतं.

ओवी म्हणायची ती मनातल्या मनात —

माझ्या माहेराची वाट, नऊ वळणं घाटाची,
बाप हाकतो गं गाडी, लेक धनीण ओटीची...

म्हणा, म्हणा माझ्याबरोबर! ...बरं, नका म्हणू, लाजा.

रंगनाथ आणि अक्का शिरसवाडीला उतरले. विहीणबाई गोदाबाई दारातच. खमकी बाई! ओटी भरली, रेवतीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि रंगनाथाला म्हणाल्या —

"व्याहीबुवा, नववा महिना हाय, म्हणून सांगते. घाटात गाडी नुसती शिंकली तरी माझी सून माघारी हितं यायची. बाळंतपण मग हितंच. चालंल?"

"चालंल की!" रंगनाथ म्हणाला. आणि विहीणबाईंनीही वाकून चकाकत्या भैरोबाला नमस्कार केला.

गाडी निघाली. रेवती पुढं, बापाशेजारी. एक वळण, दोन, तीन. पोरगी काय खुलली होती म्हणता! "अण्णा, तो बघा आपला आंबा! अण्णा, ती बघा शाळा!" अजून सहा वळणं होती, शाळा कुठली दिसायला? पण माहेर दिसतं, मंडळी. न दिसता दिसतं.

पाचव्या वळणावर गाडी थरथरली. आणि भैरोबा... भैरोबा डोळे मिचकावायला लागला! उजेड, अंधार! उजेड, अंधार!

मागून अक्का हात जोडून ओरडली, "रेवू, बघ! देव तुला डोळा मारतोय गं!"

आता हसा! देव तुमच्या लेकीला डोळा मारायला लागला तर हसाल का?

रंगनाथाला घाम. लुकलुकणारा दिवा म्हणजे काय, ते मिस्त्रीनं बजावलं होतं — मिचकावला तर एक पाऊल पुढं नको! पायाखाली इंजिन दणके देतंय, जळका वास येतोय. एका बाजूला दरी. शेजारी लेक, दोन्ही हात पोटावर. पुढं चार वळणांवर माहेर. थांबलं तर पोरगी माघारी. नाही थांबलं तर...

रंगनाथानं ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली. आणि नखानं चर्रकन भैरोबा सोलून काढला.

मागं तो पिवळा नळ. मिचमिच, मिचमिच.

"अक्का, देव न्हाई उजळला. दिवा हाय ह्यो. इंजिनाचा. दोन महिने मी देवामागं लपलोय."

अक्कानं पाठीत असा रट्टा घातला — "मुडद्या! अन् माझे पाच सोमवार?"

रेवती मात्र हसली नाही. तिनं बापाचं मनगट धरलं. "अण्णा... सासूबाईंना पंक्चर म्हणा."

"अगं—"

"पंक्चर म्हणा ना! पंक्चर काय, कुणालाही होतं. इस्माइलकाकांना बोलवू, हळूहळू जाऊ वर. खरं सांगितलंत तर त्या मला नेतील, अण्णा. मला आपल्या घरी यायचंय."

अक्काही म्हणाली, "पंक्चरच म्हण रं बाबा."

मंडळी, तुम्ही काय म्हटलं असतं? ...बघा! अख्खा मंडप मान डोलावतोय! पंक्चर! सगळ्यांचं एकमत!

रंगनाथाच्या हातात फोन, दुसऱ्या हातात चुरगळलेला भैरोबा. दिवा अजून लुकलुकत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. केवढासा तो! दोन महिने तोंडावर देव चिकटवला, धूर सोसला, तरी एकदाही गप्प बसला नव्हता. आणि ओरडत कुणासाठी होता? याच्यासाठीच की!

त्यानं नंबर लावला.

"विहीणबाई, गाडी बंद पडली. पंक्चर न्हाई. बिघाड दोन महिन्यांचा हाय, मला म्हाईत होता. झाकला. तुमच्या सुनंला, माझ्या लेकीला, तशाच गाडीत बसवली. चुकलो."

विहीणबाई म्हणाल्या, "हलू नका. येते मी." फोन बंद.

रेवतीनं तोंड फिरवलं. कडेच्या एका झाडाच्या सावलीत तिघं बसली. ऊन उतरलं. लेक बापाशी एक अक्षर बोलली नाही, आणि बापानंही "बोल" म्हटलं नाही.

खालून दुधाचा टेम्पो घुरघुरत आला. विहीणबाई खाली उतरल्या, पदर खोचला, सरळ गाडीपाशी गेल्या. म्हणाल्या, "किल्ली फिरवा." फिरवली. त्यांनी वाकून दिवा बघितला. बराच वेळ.

"म्हंजी मी ह्या नळाला नमस्कार केला?"

"...होय."

आणि गोदाबाई ज्या हसल्या मंडळी, घाट दणाणला! हसून हसून कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. मग डोळे पुसले, रेवतीला हाताला धरून टेम्पोत बसवली. रेवती म्हणाली, "जरा हळू न्या, सासूबाई. उतार आहे."

"उतार? टेम्पोचं तोंड कुठं हाय ते तरी बघ, बये!"

टेम्पोचं तोंड वर होतं. माहेराकडं.

गोदाबाई रंगनाथाला म्हणाल्या, "पंक्चर म्हणाला असता ना, तर इथूनच माघारी नेली असती. दुपारी घाटाखालनं तुमच्या गाडीचे ठसके मला ऐकू आले होते, व्याहीबुवा! बहिरी न्हाई मी. पण स्वतःचं बिघडल्यालं जो स्वतःच्या तोंडानं सांगतो, त्याच्या घरी माझं नातवंड जल्माला येऊ दे."

रेवती पुढं, सासू शेजारी, अक्का खिडकीशी. आणि रंगनाथ? मागं, दुधाच्या रिकाम्या कॅनांत! खिशावर चुरगळलेला भैरोबा चिकटवलेला — यावेळी मागं काही लपलेलं नाही, नुसतं एक काळीज, दणादण उडणारं. सातव्या वळणावर पुढून हाक आली, "अण्णा, नीट धरून बसा हो!"

बोलली मंडळी! लेक बोलली!

आता सांगा. दिवा वैरी की सोयरा? सोयरा म्हणताय! मग जरा घरी जाऊन बघा. डॉक्टरांचा कागद कुणाच्या तसबिरीमागं सरकवलाय? बायको चार दिवस गप्प आहे, तिच्यापुढं साडी ठेवलीत, पण "काय झालं गं?" विचारलंत का? देवाच्या नावाखाली आपण काय काय चिकटवलंय! आणि देव बिचारा मागून चटके सोसतोय.

दिवा लागला मनात, नको झाकू रे फुलांनी,
आत मारी कोण हाक, ऐक दोन्ही रे कानांनी...

अरे! आवाज का गेला? ऐकू येतंय का मागं? ...नाही? पेटी तापली? कधीपासनं दिवा दाखवत होती म्हणता?

सखारामबुवा... तो माझा हार काढा आधी.