मांगं उभ्या असलेल्या पोरी

माहं गाव लाखांदूरकडलं, माय धान रोवण्याच्या कामाले जाये, आन् मी दहावी झाल्यावर भंडाऱ्याले मावशीकडं आली. तिथं एक बाई पार्लर चालवे, तिच्याकडं मी शिकली. मी एकटीच शिकणारी होती. दोन महिने तिनं मले कोनाच्या भुवईले हात लावू देल्ला नाई, काय सांगू तुमाले, आपल्याच पायावर धागा चालव म्हणे, दुखलं तं तुले समजलं पायजे. माह्या हातावर आपला हात ठेवून शिकवे. धागा दातात कसा धराचा, चामडी कशी ताणाची, हे तोंडानं सांगून नाई येत, हात धरूनच येते.

मंग मी एका ट्रेनिंग सेंटरमधी शिकवाले लागली. पह्यल्या बॅचमधी बारा पोरी. दोन खुर्च्या, एक व्हॅक्सचा हीटर, बाराजणी आलटून पालटून करत, भांडत बी, पण शिकल्या. त्यातल्या चौघी आजही काम करून राहिल्या. मंग काय झालं तं बारांच्या पंचेचाळीस झाल्या. खुर्च्या दोनच, हीटर एकच, आन् मीही एकच! मी सेंटरच्या सरले म्हणली, सर, दोन भाग करा, मी सकाळी बी येतो, दुपारी बी येतो, मले जास्त काही नोको. थे म्हणे, मॅडम, मोठ्या हॉलमधी बसवा नं, आन् मोबाईलवरचा व्हिडिओ लावा भिंतीवर. अहो, भिंतीवरच्या बाईले गरम लागते का? आमच्याकडं अडाणी माणसालेही माहीत हाये, धानाचे परे, म्हणजे रोपं, दाट राहिले तं वाढत नाई, उपटून दूर दूर रोवा लागते. आन् हे शिकलेले लोक!

त्या पंचेचाळीसमधी एक पायल होती, पवनीकडची. एसटीनं ये, बस आपल्या टायमावर येनार, तं पायल पोहोचे तवा समोरच्या जागा भरलेल्या राहत. थे मांगं, भिंतीजवळ. पायाच्या चवड्यावर उभी राहून पाहे. मले तिचं कपाळ आन् डोळे तेवढे दिसत, खरं सांगतो. वही मात्र अशी सुंदर लिवली होती तिनं, आखून, रंगानं. परीक्षेच्या दिवशी सर म्हणे, सगळ्यायले पास करा, वर रिपोर्ट पाठवाचा हाये. प्रॅक्टिकलच्या कागदावर मी सही केली. पंचेचाळीस सह्या. हात दुखला माहा, पण थांबला नाई.

पायलले पवनीतच एका पार्लरमधी काम लागलं. आन् एक दिवस दुपारी थे सेंटरमधी आली, तोंड पांढरं पडलेलं. म्हणे, मॅडम, नवरीचं जळलं. मी म्हणली, काय जळलं? म्हणे, ओठावरची चामडी, व्हॅक्स लावला आन् ओढला तं चामडीच निघाली, चार दिवसांवर लगन हाये तिचं. मी अशी चिडली, अशी चिडली! म्हणली, मनगटावर लावून पाह्यलं नाई का पह्यले? पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं मी, किती गरम हाये थे आपल्या मनगटावर पाहाचं, मंगच दुसऱ्याले लावाचं!

तं थे म्हणते, मॅडम, मी मांगं होती. मले आयकू आलं नाई.

तिनं पिशवीतून वही काढून देल्ली. मी वहीत पाह्यलं, तिथं लिवलं होतं, व्हॅक्स गरम करावा. बस. पुढचं नाई.

दुसऱ्या दिवशी मी तिले घेऊन नवरीच्या घरी गेली. अंगणात मांडवाचं काम चालू होतं. नवरी ओढणीनं तोंड झाकून बसलेली, तिची माय पायलवर धावून आली, हिले कोनं शिकवलं म्हणे, कोनं सर्टिफिकेट देल्लं? मी म्हणली, मी. मी शिकवलं, माहीच सही हाये. मले वाटलं मारन थे मले, मारलं असतं तं बरं वाटलं असतं. नवरी हळूच बोलली, बोलताना दुखे तिले, म्हणे, बाई, आता हिचं काम सोडवू नका, हिले नीट शिकवा. मले त्या पोरीसमोर मान वर करवली नाई. लगन झालं, फोटोत तिनं पदर समोर घेतला म्हणतात. डाग पुढं कमी झाला, पण हाये.

पुढच्या बॅचले पन्नास पोरी भरल्या. मी सरले पवनीचं सगळं सांगतलं, तं म्हणे, एखादीचं होते असं. परीक्षेचा कागद आला तवा मी एकेक पोरीले इचारलं, तू सोता हातानं कितीदा केलं? ज्यायनं केलं नाई त्यायच्या नावासमोर लिवलं, हिने काम केले नाही, हिला शिकवले नाही. चौतीस नावं. सर लाल झाले, मॅडम, सेंटर बंद पाडता का? मी म्हणली, पाडतो. बंद कायचं पडते! मलेच काढलं, आन् माह्या जागी एक नवी पोरगी आणली, थे बी माह्यासारखी सह्या करून राहिली असन.

आता मी भंडाऱ्याजवळ कारध्याले आपल्या घरी शिकवतो, समोरच्या खोलीत. पाचच पोरी. सहावी आली तं थांब म्हणतो. पायल तीन महिने आली, माह्याच हातावर तिनं व्हॅक्स शिकला, आता पवनीत परत कामाले हाये, चांगलं करते. लोक म्हणतात, बाई, झालं गेलं, राग सोड. कायले सोडू? तिकडं सेंटरमधी साठ पोरी बसवून राहिले म्हणतात, सगळ्या गोरगरिबाच्या, पहाटे उठून, डबा घेऊन येनाऱ्या. त्या पोरींचं भलं होवो, माहं एवढंच म्हणणं हाये. आन् त्यायतल्या कोनी हे वाचलं तं त्यायले सांगतो, मांगं उभी केली तं उभ्या राहू नका बायांनो, मॅडमले आवाज द्या, दिसत नाई म्हणा, जोरानं म्हणा.