शिट्टी म्हणजे पाणी

…अहो, पण शांत आहे म्हणून कुणी पंच करतं का माणसाला? लग्नाला तीन महिने झालेत माझ्या, सासरी पातेल्यांची झाकणं कुठे ठेवतात ते अजून कळलेलं नाही, आणि सहा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल स्पर्धा माझ्या हवाली! जाऊबाईंनी परस्पर नाव दिलं, "आमची धाकटी घ्या, कुणाशी भांडायची नाही." झालं, गळ्यात शिट्टी. मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, चूक माझीच. पहिल्या दिवशी ऊन फार, पोरं लालबुंद, म्हणून शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी दिलं. ते त्या चिमुकल्या डोक्यांत जे बसलं ते बसलंच! कुणी हाताने चेंडू उचलला, शिट्टी… सगळे बाटल्यांकडे! दोघांनी एकमेकांचे केस धरले, शिट्टी… केस सोडून बाटल्यांकडे! शेवटी मी वाजवणंच सोडलं. तर एका पोराचे बाबा, धंद्याने वकील, कठड्यावरून ओरडतात, "पंचबाई, शिट्टी काय दागिना म्हणून घातलीय?" मी काही बोलले नाही.

आणि आमची ठमी, म्हणजे जाऊबाईंची लेक, वय पाच. अख्ख्या स्पर्धेत चेंडू तिच्या पायाला लागला नव्हता. मैदानात बसून मोजे काढायची, परत घालायची. जाऊबाईंचं देवाकडे एकच मागणं, एक गोल, फक्त एक! शेवटचा सामना, शेवटची दोन मिनिटं, आणि काय सांगू, चेंडू आपणहून ठमीपुढे! समोरचा गोलकीपर पाठ फिरवून आजीला टाटा करतोय. ठमी सुटली! जाऊबाई कठड्यावर चढल्या, सासूबाई, ज्यांना घरात दोन पायऱ्या चढवत नाहीत, त्याही चढल्या! "मार गं, मार!" आणि… माझ्या पुढ्यात एक पोर धाडकन आपटलं. गुडघा फुटला, रक्त, भोकाड. मागून वकील, "पंचबाई, दिसतंय का?" इकडून जाऊबाई, "अगं थांब, एवढा गोल होऊ दे!" आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं?

वाजवली.

चेंडू रेषेपासून वीतभर. पाय उचलला होता हो ठमीने… तो खाली ठेवला, गर्रकन वळली, आणि जन्मात धावली नव्हती अशी बाटल्यांकडे धावली!

परतताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरचं लेकरू होतं गं." जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी काही बोलले नाही. ठमी मात्र माझ्या मांडीवर उड्या मारत होती, "आई, मी पहिली आले! पाण्याला सगळ्यांच्या आधी मी!"

चार दिवस झाले. घरातल्या बायकांत माझ्याशी बोलते ती फक्त ठमी. तेही काय, तर जेवताना भरलेल्या पेल्याला हात न लावता माझ्याकडे बघते, "काकू, शिट्टी?" समोर जाऊबाई मान खाली घालून जेवत असतात… मी काही बोलत नाही.

हळूच वाजवते.