सासूबाईंच्या पडद्यामागे

हॅलो?… हां ताई, बोल, येतोय आवाज… मी? स्टुलावर उभी आहे. भिंत पुसतेय… अगं तीच, बेगायिमच्या खोलीतली. पोरगी उद्या तुझ्याकडून घरी यायची, म्हटलं त्याआधी ही मेली बुरशी एकदाची जाऊ दे.

काय?… दम्याचा पंप लागलाच नाही? पंधरा दिवसांत एकदाही?… खरं सांगतेस? छातीत घरघर?… तीही नाही?… छे गं, रडत नाहीये. नाकात ब्लीच गेलंय.

तुमच्या डोंगरातल्या नारिनची हवाच कोरडी. थंडीने कान गळून पडतील, पण श्वास तरी मोकळा. आमच्या बिश्केकमध्ये… हो, हो… अगं ऐक ना! खिडकी उघड म्हणणं सोपं आहे, ताई. उघडली की अख्ख्या शहराचा कोळशाचा धूर आत. लावली की ही भिंतीवर उगवते. सांग, काय करू?… कपडे बाहेर कसे वाळत घालू? धुतलेले पुन्हा काळे होतात! म्हणून घरातच दोरी… हो, ओल धरते, माहितीय. सगळं माहितीय मला. माहीत असून काय उपयोग?

मेदेत? त्यानेच तर रशियातून फोनवर फोन करून प्लास्टिकच्या खिडक्या बसवायला लावल्या. बायको-पोरीला थंडी वाजू नये म्हणून… चांगल्या मनानेच गं. वारा यायचा बंद झाला अन् बुरशी यायची सुरू झाली. आता म्हणतो, वरून रंग मार. मारला की! महिन्याभरात रंग फोडून वर आली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध देते, पण मुलीला त्या खोलीत झोपवू नका. मग कुठे झोपवू? गच्चीवर? इनमीन दोन खोल्या, दुसरीचेही कोपरे काळे पडलेत.

सासूबाई? भाचीच्या लग्नाला गेल्यात… नाही ताई, त्यांना बोल लावू नकोस. नातीवर जीव आहे त्यांचा. पोर खोकली की मेंढीची चरबी गरम दुधात घालून पाजतात. दृष्ट जावी म्हणून आर्चाच्या झाडाची फांदी जाळून धुरी देतात… हो ना, धूर! दम्याच्या पोरीला! त्या दिवशी ओठ निळे पडले तिचे. म्हातारीच जास्त रडली. तेव्हापासून फांदी बंद.

भिंतीवरचा पडदा?… नाही, तो नाही काढला. कसा काढू? त्यांच्या आईने लग्नात दिलेला, अख्खा हाताने भरलेला. सुनेने हात लावलेला चालायचा नाही. भिंतीची थंडी अडते म्हणून मुद्दाम बेगायिमच्या उशाशी लावलाय… बाकीचं पुसलं की मी! दिसतंय तेवढं सगळं पुसलं.

काय?… आत्ता?… नको गं. पुन्हा तसाच लावता नाही आला तर?… तू म्हणजे अगदी… बरं, बरं, ओरडू नकोस. बघते. थांब, फोन मानेत धरते… एक खिळा निघाला… हा घट्ट आहे… हं, निघाला…

अगं बाई.

…

आहे. आहे मी… ताई, अख्खी भिंत गं. वरपासून खालपर्यंत काळी. नुसती लव आलीय तिच्यावर. पडदाही मागून कुजलाय, बोट लावलं तर कापड हातात आलं. अन् माझी पोर तीन वर्षं याला डोकं लावून झोपायची. मीच निजवायचे! मीच म्हणायचे, भिंतीकडे सरक, खाली पडशील!

पुसू? काय पुसू, ताई? सिमेंटातूनच ओल येतेय. हे पुसण्यातलं राहिलंच नाही आता.

…

ताई… उद्याच्या गाडीत तिला बसवू नकोस… हो. राहू दे तुझ्याकडेच… सोमवारपासून शाळा आहे, ती तिथेच बघ कुठेतरी… किती दिवस ते मला काय माहीत! असलं घर विकत तरी कोण घेणार? मेदेतशी बोलते… सासूबाईंना काय सांगायचं तेही सुचत नाही.

नको, तिला फोन देऊ नकोस… अगं नको, मला नाही जमायचं… हॅलो? बेगायिम? बाळा… ऐकलंस तू सगळं?… नाही गं, रागावले नाही… उद्या नाही यायचं… पिशवी भरलीस? असू दे. मावशी रिकामी करेल.

काय म्हणालीस?… पुन्हा सांग…

नाही गं राणी. तू खोकतेस म्हणून नाही… खोकणार नाहीस? अगं, असं कसं… उशीत तोंड खुपसून खोकायचीस? इथे?… घरी असताना?… रोज?

मला वाटायचं, खोकला कमी झालाय…

नाही, रडत नाही आई. सांग मला, तिथे मावशीकडेही तसंच करतेस का? खरं सांग… तिथे खोकलाच येत नाही?… बरं.

मग तू तिथेच राहा, बाळा… हो… ठेवते.